किती द्यायचं, किती ठेवायचं

२ नोव्हेंबर १९९३. जपानमधल्या मात्सुमोतो शहरात, शिन्शू विद्यापीठाच्या रुग्णालयात, एका मुलाच्या यकृताचा डावा भाग काढून त्याच्या आईच्या पोटात जोडण्यात आला. आईच्या यकृतातल्या बारीक पित्तनलिका वर्षानुवर्षं झिजत गेल्या होत्या आणि औषधांचा काळ मागे पडला होता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचा वृत्तान्त छापून आला. जिवंत दात्याच्या यकृतावर प्रौढ रुग्ण जगल्याची ही जगातली पहिली घटना.

त्याआधीची चार वर्षं हे दान एकाच दिशेने चाललं होतं. आई किंवा वडील देत, तान्हं मूल घेत असे. आपण मुलाला काळजाचा तुकडा म्हणतो. काळीज या शब्दाचा जुना अर्थ यकृत असाच आहे, आणि मटणाच्या दुकानात कलेजी मागताना तो अजूनही आपल्या तोंडी येतो. त्या आईबापांनी तो वाक्प्रचार अक्षरशः खरा केला होता. मात्सुमोतोत मुलाने आईला दिलं, तेव्हा नुसती दिशा उलटली नाही, सगळा हिशेबच उलटला. दहा किलोच्या बाळाला मोठ्या माणसाच्या यकृताचा पाचवा हिस्सा भरपूर होतो. मोठ्या माणसाला मोठ्याच माणसाच्या यकृताचा डावा भाग पुरेल का? तो भाग एकूण यकृताच्या जेमतेम एक तृतीयांश, फार तर थोडा जास्त. कमी पडला तर घेणारा जात होता. आणि घेणाऱ्याला पुरावा म्हणून जास्त कापला, तर देणारा.

मासातोशी माकुउची आणि सेइजी कावासाकी या मात्सुमोतोच्या शल्यविशारदांना सुरी हातात घेण्याआधी एक आकडा हवा होता: पोट न उघडता, दाता जिवंत आणि धडधाकट असताना, त्याच्या यकृताचा हा भाग किती भरेल? हा आकडा काढण्याची विद्या साधारण पंधरा-वीस वर्षांत कशी घडली, त्याची ही गोष्ट. प्रत्यारोपणाच्या इतिहासात सहसा सुरीचं कौतुक होतं आणि मोजपट्टी मागे राहते. मला ते अन्यायाचं वाटतं. कारण निरोगी माणसाला टेबलावर घेण्याआधी ‘नाही, तुमचं चालणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार डॉक्टरांना या मोजपट्टीने दिला.

यकृत मोजण्याची गरज आधी वेगळ्याच कारणाने पडली होती. १ मार्च १९६३ रोजी थॉमस स्टार्झल यांनी डेन्व्हरमध्ये माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. रुग्ण लहान मूल होतं आणि ते टेबलावरच दगावलं. रुग्ण वर्षभर जगण्याइतकं यश यायला १९६७ उजाडलं. ही सगळी यकृतं मृत दात्यांची आणि अख्खी. त्यामुळे अडचण लहान मुलांची होती: बाळाच्या पोटात मावेल एवढं यकृत मिळायचं, तर दुसरं बाळ गेलेलं असायला हवं. १९८४ मध्ये पॅरिसला आंरी बिस्म्युत यांनी मोठ्या माणसाचं यकृत कापून लहान करून मुलाला बसवलं. १९८८ मध्ये हॅनोव्हरला रुडॉल्फ पिखलमायर यांनी एकच यकृत दोन भागांत करून दोन रुग्णांना दिलं. या काळातली मोजणी सुतारासारखी होती. खोक्यात फळी बसेल का, एवढाच प्रश्न. भीती होती ती यकृत मोठं पडण्याची. ते लहान पडेल ही चिंता अजून कुणाला नव्हती.

मग जिवंत दाते आले. डिसेंबर १९८८ मध्ये साओ पावलोत सिल्वानो राइया यांनी पहिला प्रयत्न केला, तो रुग्ण वाचला नाही. जुलै १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा तुकडा तिच्या सतरा महिन्यांच्या मुलाला बसवला, आणि ते मूल जगलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिकागोत ख्रिस्टोफ ब्रोल्श यांनी अमेरिकेतली पहिली अशी शस्त्रक्रिया केली. शिकागोकरांनी मात्र आधी एक काम केलं होतं. शस्त्रक्रियेच्या काही महिने आधीच त्यांनी जिवंत दात्याकडून यकृत घेण्याच्या नैतिक बाजूवर लेख लिहून तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. ज्या माणसाला काही झालेलं नाही, ज्याला या शस्त्रक्रियेने शरीराचा काहीही फायदा नाही, त्याला आपण कापतो आहोत. त्याची संमती खरी आहे ना, त्याच्यावर दडपण नाही ना, हे आधी सगळ्यांसमोर बोलू आणि मग सुरी उचलू. आधी लिहिणं आणि मग करणं हा क्रम वैद्यकात फार क्वचित दिसतो.

ब्रिस्बेनची आई जपानहून एवढ्या लांब गेली, यामागे इतिहास होता. ऑगस्ट १९६८ मध्ये साप्पोरोत जुरो वाडा यांनी जपानमधलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण ८३ दिवस जगला. त्यानंतर दाता खरोखर मेंदूमृत होता का, रुग्णाला प्रत्यारोपणाची गरज तरी होती का, असे प्रश्न उठले आणि प्रकरण फौजदारी चौकशीपर्यंत गेलं. खटला उभा राहिला नाही, पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. मेंदूमृत्यूनंतर अवयवदानाला परवानगी देणारा कायदा जपानमध्ये १९९७ मध्ये लागू झाला. मधली जवळपास तीस वर्षं जपानी शल्यविशारदांकडे कौशल्य होतं, रुग्ण होते, यकृतं नव्हती. जिवंत नातेवाईक एवढा एकच मार्ग उरला होता, आणि म्हणून दात्याचं यकृत मोजण्याची विद्याही मुख्यतः तिथेच वाढली.

या विद्येची दुसरी मुळी इंग्लंडात आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनजवळच्या विम्बल्डनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. काही वर्षांत हे यंत्र सगळ्या शरीराचे काप दाखवू लागलं, आणि १९७९ चं नोबेल हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळालं. त्याच १९७९ मध्ये स्टीव्हन हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी एक साधा, पण पुढे फार उपयोगी पडलेला प्रयोग प्रसिद्ध केला. शवातली यकृतं, मूत्रपिंडं आणि प्लीहा यांचे सीटी काप घेऊन आकारमान काढायचं, मग तेच अवयव प्रत्यक्ष पाण्यात बुडवून आणि वजन करून ताडून पाहायचं. फरक पाच टक्क्यांच्या आसपास निघाला. आर्किमिडीजच्या पाण्याने क्ष-किरणांची साक्ष खरी ठरवली.

कृती ऐकायला सोपी आहे. भाकरीच्या चवडीचं आकारमान काढायचं, तर प्रत्येक भाकरीचं क्षेत्रफळ गुणिले जाडी करून बेरीज घ्यायची, तसंच हे. सीटीच्या प्रत्येक कापावर यकृताची कड हाताने रेखायची. आतलं क्षेत्रफळ यंत्र सांगतं. त्याला कापाच्या जाडीने गुणायचं आणि सगळे काप मिळवायचे. सुरुवातीच्या काळात एकेक काप सुमारे सेंटिमीटर जाडीचा असे. यकृताचे वीस-बावीस काप, प्रत्येकावर रेघ ओढताना पित्ताशय बाहेर ठेवायचं, मोठ्या शिरा वगळायच्या, आणि जिथे यकृत जठराला किंवा हृदयाच्या तळाला टेकतं तिथे हद्द कुठली हे डोळ्याने ठरवायचं. दात्याने एका श्वासाला छाती जास्त फुगवली आणि पुढच्याला कमी, तर एक पातळी दोनदा यायची, नाहीतर निसटायची. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून तासन्‌तास रेघा ओढणाऱ्या त्या रेडिओलॉजिस्टांची नावं शस्त्रक्रियेच्या बातम्यांत कधी आली नाहीत.

जपानमधलं पहिलं जिवंत दात्याचं प्रत्यारोपण नोव्हेंबर १९८९ मध्ये इझुमो इथल्या शिमाने वैद्यकीय विद्यापीठात झालं. वडिलांनी बाळाला दिलेलं यकृत, आणि शल्यविशारद नाओफुमी नागासुए. बाळ २८५ दिवस जगलं. नागासुए यांचं आधीचं काम त्यामानाने कमी आठवलं जातं. १९८७ मध्ये त्यांनी मोठा भाग काढल्यानंतर माणसाचं यकृत किती आणि किती वेगाने भरून येतं, याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. निरोगी यकृत झपाट्याने वाढतं, सिरोसिसचं यकृत मंदपणे आणि अपुरं. म्हणजे वडिलांच्या यकृताला सुरी लावणारा माणूस उरलेल्या यकृताचं पुढे काय होतं, हे आधीच मोजून बसला होता. माझ्या मते त्या शस्त्रक्रियेचं धैर्य सुरीत होतं त्याहून जास्त या मोजणीत होतं.

जून १९९० मध्ये क्योतो विद्यापीठात काझुए ओझावा आणि कोइची तानाका यांनी सुरुवात केली, त्याच महिन्यात मात्सुमोतोतही. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया एकामागून एक होत गेल्या. आणि मग मात्सुमोतोतल्या मंडळींनी रुग्णाच्या बाजूने प्रश्न विचारला. याला किती यकृत लागतं? त्याचं स्वतःचं यकृत आजाराने आकसलेलं किंवा सुजलेलं असतं, ते मोजून उपयोग नाही. तो निरोगी असता तर त्याचं यकृत किती असतं, हे कळायला हवं. उराता आणि सहकाऱ्यांनी निरोगी यकृत असलेल्या जपानी लोकांच्या, लहान आणि मोठ्या दोन्ही, यकृतांचं सीटीवरून आकारमान काढलं आणि १९९५ मध्ये ‘हेपॅटॉलॉजी’त एक सूत्र दिलं: शरीराच्या पृष्ठफळाला, म्हणजे उंची-वजनावरून काढलेल्या चौरस मीटरच्या आकड्याला, ७०६.२ ने गुणा आणि २.४ मिळवा. उत्तर मिलिलिटरमध्ये. पृष्ठफळ १.६ असलेल्या माणसाचं निरोगी यकृत या हिशेबाने साधारण ११३२ मिलिलिटर येतं.

हे सूत्र जगभर गेलं, आणि तिथे त्याची मर्यादाही उघड झाली. युरोप-अमेरिकेतल्या लोकांना ते कमी यकृत सांगतं, असं दिसल्यावर तिकडे नवी सूत्रं काढली गेली. जर्मनीत शवविच्छेदनातल्या वजनांवरून एक, आणि २००२ मध्ये व्होथे आणि सहकाऱ्यांनी सीटीवरून दुसरं. माणसाचं यकृत कुठल्या मातीत वाढलं, कुठल्या बांध्याच्या शरीरात वाढलं, याला हिशेबात जागा द्यावी लागते.

लहान पडलेल्या यकृताचं काय होतं, हे तोवर कळू लागलं होतं. शस्त्रक्रिया नीट होते, रक्तवाहिन्या वाहत असतात, तरी रुग्णाची कावीळ उतरत नाही. पोटात पाणी साचत राहतं, रक्त गोठण्याची शक्ती परत येत नाही. आतड्यांकडून यकृताकडे येणारी पोर्टल शीर घेणाऱ्याची असते, मोठ्या शरीराची. तिचं सगळं रक्त त्या लहान तुकड्यावर कोसळतं. ओढ्याच्या पात्रात नदीचा पूर सोडावा तसं. १९९९ मध्ये क्योतोच्या तेत्सुया किउची आणि सहकाऱ्यांनी आपल्या २७६ प्रत्यारोपणांचा ताळा मांडला. सूत्र काही नाही, सरळ टक्केवारी: यकृताच्या तुकड्याचं वजन घेणाऱ्याच्या वजनाच्या किती टक्के? एकाहून कमी असेल तर तुकडा टिकण्याची शक्यता घटते. यातूनच ०.८ ही सीमारेषा रूढ झाली. साठ किलोच्या रुग्णाला निदान ४८० ग्रॅम. जगभरच्या प्रत्यारोपण केंद्रांत आजही डोनरची फाइल उघडल्यावर सगळ्यांची नजर आधी या आकड्याकडे जाते. जीआरडब्ल्यूआर, म्हणजे हीच टक्केवारी, किती? नातेवाइकांनाही चार दिवसांत हा शब्द पाठ होतो.

पण ४८० ग्रॅम डाव्या भागातून येणार कुठून? बहुतेक दात्यांचा डावा भाग तेवढा भरतच नाही. या पेचाचं उत्तर हाँगकाँगमध्ये निघालं, आणि तिथे इतिहासाने एक विलक्षण फेरा पूर्ण केला. यकृताचा खरा मध्य कुठे, हे आधी ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे जेम्स कँटली, हाँगकाँगच्या चिनी विद्यार्थ्यांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे स्कॉटिश डॉक्टर, चिनी क्रांतिकारक सन यत-सेन यांचे गुरू. १८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीत सन यत-सेन यांना डांबून ठेवलं गेलं, तेव्हा त्यांना सोडवण्यासाठी धडपडले तेही हेच कँटली. बाहेरून पाहिलं तर यकृताची विभागणी एका पडद्यासारख्या बंधापाशी झाल्यासारखी वाटते. एका शवविच्छेदनात कँटलींना यकृताची एक बाजू सुकलेली आणि दुसरी वाढलेली दिसली, पण सुकलेल्या आणि वाढलेल्या भागांची सीमा त्या बंधापाशी नव्हती. ती पित्ताशयापासून मागच्या महाशिरेकडे जाणाऱ्या रेषेवर होती. १८९७ मध्ये त्यांनी हे मांडलं, आणि आजही ती कँटलीची रेषा आहे. कँटलींच्या महाविद्यालयातूनच पुढे हाँगकाँग विद्यापीठाचं वैद्यकीय विद्यालय झालं. आणि मे १९९६ मध्ये त्याच विद्यापीठाच्या क्वीन मेरी रुग्णालयात शंग-तात फान, चुंग-माऊ लो आणि सहकाऱ्यांनी प्रौढ दात्याच्या यकृताचा उजवा, मोठा भाग मधल्या शिरेसकट काढून प्रौढ रुग्णाला दिला. कावीळ ‘बी’ने पोखरलेली यकृतं तिथे पुष्कळ, मृत दाते मोजके. थांबणं म्हणजे रुग्ण जाणं, अशी स्थिती होती.

उजवा भाग दिल्याने घेणाऱ्याचा प्रश्न सुटला आणि देणाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. माणसाच्या यकृताचा उजवा भाग साधारण ६० ते ६५ टक्के असतो. तो दिला की दात्याकडे उरतात ३५ ते ४० टक्के, काहींच्या बाबतीत त्याहूनही कमी. अनुभवाने ठरत गेलं की दात्याकडे निदान ३० टक्के, अनेक केंद्रांच्या मते ३५ टक्के तरी राहिले पाहिजेत. आता एकाच सीटीला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. समजा, भावाचं यकृत १२०० मिलिलिटर आहे, उजवं ७८०, डावं ४२०. साठ किलोच्या बहिणीला उजवं भरपूर होतं, भावाकडे ३५ टक्के राहतात, जमलं. दुसऱ्या भावाचं एकूण तेवढंच, पण उजवं ९००. बहिणीच्या बाजूने पाहिलं तर हा भाऊ जास्त चांगला. त्याच्या स्वतःच्या बाजूने पाहिलं तर त्याच्याकडे फक्त २५ टक्के उरतील. त्याला परत पाठवायचं. जास्त देऊ शकणारा माणूसच नाकारला जातो, हे घरच्यांना समजावणं किती अवघड असेल! हातात आकडा नसेल, तर ते अशक्यच आहे.

सोलच्या आसान वैद्यकीय केंद्रात सुंग-ग्यू ली यांच्या चमूला आणखी एक धडा मिळाला. दात्याकडे मधली शीर ठेवून उजवा भाग काढला, की त्या भागाच्या पुढच्या बाजूचं रक्त बाहेर जायला वाट उरत नाही. वजन काट्यावर पुरेसं, पण त्यातला पुढचा हिस्सा रक्ताने तुंबून निकामी. आठशे ग्रॅमचं यकृत प्रत्यक्षात पाचशेचं काम करणार. १९९८ पासून त्यांनी शिरेचा तुकडा जोडून त्या भागाचं रक्त महाशिरेकडे वळवायला सुरुवात केली. आणि २००० मध्ये तर एकाच रुग्णाला दोन वेगवेगळ्या दात्यांचे दोन डावे भाग बसवले, म्हणजे कुणा एकावर सगळा भार नको. कुटुंबातली दोन माणसं दोन टेबलांवर, तिसऱ्यासाठी. इतकं सगळं एकमेकांत गुंतलेलं काम आधी नीट मोजल्याशिवाय कोण करू धजेल?

सोलच्या धड्याने मापाचा अर्थच बदलला. नुसतं आकारमान पुरेसं नव्हतं. कुठली शीर कुठल्या भागाचं रक्त नेते, कापल्यावर कुठला भाग कोरडा पडेल आणि कुठला तुंबेल, हे कळायला हवं होतं. क्लोद क्विनो यांनी १९५० च्या दशकात पॅरिसमध्ये शवातल्या यकृतांच्या वाहिन्यांत प्लास्टिक भरून, मांस विरघळवून त्यांचे साचे बनवले होते. यकृताचे आठ खंड आज सगळे त्यांच्याच क्रमांकांनी ओळखतात. तेच साचे आता जिवंत माणसाच्या पोटात, पोट न उघडता पाहायचे होते. यंत्रांनी इथे साथ दिली. १९८९ च्या सुमारास जर्मनीत विली कालेंडर यांच्या कामातून सर्पिल सीटी आला. टेबल सरकत असताना नळी फिरत राहते, एका श्वासात अख्खं यकृत घेता येतं. १९९८ मध्ये एका फेरीत चार काप घेणारी यंत्रं आली आणि कापांची जाडी एक-दोन मिलिमीटरवर उतरली. त्याआधी धमन्यांचा नकाशा हवा तर निरोगी दात्याच्या मांडीतून नळी घालावी लागे. तो त्रास संपला. पित्तनलिका एमआरआयवर दिसू लागल्या.

या बारीक चित्रांमधून वाहिन्यांचं झाड वेगळं करण्याचं काम अनपेक्षित ठिकाणी झालं. ब्रेमेनमध्ये १९९५ मध्ये हाइन्झ-ओटो पाइटगेन यांनी मेव्हिस ही संस्था सुरू केली. पाइटगेन हे गणितज्ञ, फ्रॅक्टल आकारांवरच्या त्यांच्या कामासाठी प्रसिद्ध. फांदीला फांदी, तिला आणखी बारीक फांदी, ही रचना त्यांना समीकरणांतून ओळखीची होती. यकृत म्हणजे अशी चार झाडं एकमेकांत गुंफलेली: पोर्टल शीर, धमनी, यकृतशिरा, पित्तनलिका. त्यांच्या गटाने सीटीवरून प्रत्येक फांदीचा प्रदेश मोजायची रीत बसवली. संगणकावर रेषा सरकवली की दात्याकडे किती उरेल, तुकड्याचा किती भाग तुंबेल, हे आकड्यात कळू लागलं. हजारो मैलांवरची रुग्णालयंही त्यांच्याकडे सीटी पाठवून आराखडे मागवू लागली.

आराखडे इतके नेमके झाले तरी एक फरक सगळ्यांना छळत राहिला. पडद्यावर मोजलेलं यकृत आणि काढल्यावर तराजूत घातलेलं यकृत जुळत नव्हतं. पडद्यावरचं नेहमी थोडं जास्त. कारण साधं होतं, पण लक्षात यायला वेळ गेला. जिवंत यकृत रक्ताने भरलेलं, फुगलेलं असतं. काढलं, थंड द्रावणाने धुतलं, की तो स्पंज पिळल्यासारखा हलका होतो. म्हणून प्रत्येक केंद्र आपल्या आकड्यातून दहा-पंधरा टक्के, कधी त्याहूनही जास्त, वजा करू लागलं. भावाचे ७८० मिलिलिटर तराजूत सातशे ग्रॅमच्या आसपास उतरणार, हे आधीच धरून चालायचं.

आणि मग चरबी. ऑगस्ट २००२ मध्ये क्योतोत एका आईने मुलीसाठी यकृताचा उजवा भाग दिला. आईकडे उरलेला भाग लहान होता, आणि तिच्या यकृतात चरबीमुळे झालेली सूज निघाली. तिचं यकृत कोलमडलं. तिच्यावरच प्रत्यारोपण करावं लागलं, तरी मे २००३ मध्ये ती गेली. जपानमधल्या जिवंत यकृतदात्याचा हा पहिला मृत्यू. आकारमानाच्या आकड्यात चरबी दिसत नाही. चरबीने भरलेले चारशे मिलिलिटर चारशेचं काम करत नाहीत. या बाबतीत हाउन्सफील्ड यांचीच देणगी उपयोगी पडली. सीटीच्या प्रत्येक ठिपक्याला त्यांच्या नावाच्या एककात आकडा असतो: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी शून्याच्या खाली. निरोगी यकृत प्लीहेपेक्षा थोडं उजळ दिसतं. यकृत प्लीहेपेक्षा काळवंडलेलं दिसलं, की चरबी आहे. दोघांच्या आकड्यांतली वजाबाकी आता डोनरच्या अहवालात आकारमानाच्या शेजारीच लिहिली जाते. शंका राहिली तर एमआरआय, आणि त्याहूनही राहिली तर सुईने तुकडा काढून तपासणी.

०.८ ही रेषाही पुढे दगडावरची राहिली नाही. क्योतोच्याच यासुहिरो ओगुरा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की घेणाऱ्याच्या पोर्टल शिरेतला दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या खाली आणला, तर त्याहून लहान तुकडाही चालतो. याचा फायदा दात्याला झाला. पुन्हा डाव्या भागाकडे, म्हणजे दात्याला कमी धोका असलेल्या बाजूकडे वळण्याची वाट उघडली.

भारतात जिवंत दात्याच्या यकृताने लहान मूल वाचलं ते नोव्हेंबर १९९८ मध्ये, दिल्लीत. वीस महिन्यांचं कांचीपुरमचं बाळ, दाता त्याचे वडील. ते बाळ मोठं होऊन डॉक्टर झालं. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूनंतरचं दान वैध केलं होतं, तरी यकृताच्या बाबतीत आपल्याकडचे बहुसंख्य दाते आजही जिवंत नातेवाईकच आहेत, आणि त्यांत स्त्रियांचं प्रमाण मोठं आहे. २०११ च्या दुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांत आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. मुंबई-पुण्यातही आता ही शस्त्रक्रिया होते. आपल्या शहरी लोकांच्या यकृतात चरबी सर्रास आढळते, म्हणून कितीतरी दात्यांना पहिल्या स्कॅननंतर घरी पाठवलं जातं. तेल-साखर बंद, रोज चालणं, वजन उतरवणं, आणि मग पुन्हा स्कॅन. पुष्कळदा दुसऱ्या खेपेचा आकडा सुधारलेला असतो.

ज्या घरात कुणी दाता म्हणून पुढे आलं आहे, तिथे ‘नाही’ म्हणता न येण्याचं दडपण फार मोठं असतं. सून असो, धाकटा भाऊ असो, नवऱ्यासाठी उभी राहिलेली बायको असो. शिकागोच्या त्या लेखाने हाच धोका दाखवला होता. शरीराच्या कारणाने डॉक्टरांनी नकार दिला, तर कुणालाच कुणासमोर मान खाली घालावी लागत नाही. दात्याच्या मनातली भीतीही त्या आकड्याच्या आड सुरक्षित राहू शकते. मोजणीच्या या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटते ती हीच बाजू.

शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिन्यांनी दाता पुन्हा सीटीसाठी येतो. रेडिओलॉजिस्ट पुन्हा तीच कड रेखतो, आता बरीचशी संगणक आपोआप रेखतो, डॉक्टर फक्त दुरुस्त करतात. कापलेला उजवा भाग परत उगवलेला नसतो. उरलेला डावा भागच फुगून, कडेने गोल होऊन, त्या जागेत पसरलेला असतो. आपल्या उदाहरणातल्या भावाचे ४२० मिलिलिटर नऊशेच्या पुढे गेलेले असतात. इझुमोच्या नागासुए यांनी १९८७ मध्ये मोजलं होतं तेच इथे पुन्हा मोजलं जातं, आणि या खेपेला आकडा फक्त दात्याच्या फाइलमध्ये लिहिला जातो.